गावच्या जमिनीचा वतनी इतिहास कसा शोधावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी परिसरातील जमिनीमागची सरंजामी व्यवस्था समजून घ्यायची असेल, तर प्रथम ती इनाम होती, वतन होती की रयतेची होती, हे ठरवावे. इनाम बहुधा देवस्थानाला किंवा व्यक्तीला दिलेले असे. वतन मात्र देसाई, पाटील, कुलकर्णी, महार अशा सेवेशी जोडलेले असे, आणि त्यातला मान व उत्पन्न जातीनुसार फार विषम होते.

तहसीलदार कार्यालयातून जुना उतारा आणि त्यावर नोंदलेले सर्व फेरफार मागावेत. १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात असल्याने त्या काळातील नोंदींना मुंबईचे कायदे लागू होतात. परगणा (अनेक गावांचा महसुली विभाग) व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली. पाटीलकीसारखी ग्रामवतने मात्र कर्नाटकच्या १९६१ च्या कायद्याने संपली. कूळहक्कासाठी कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यातील १९७४ ची दुरुस्ती पाहावी, कारण कुळांकडील जमिनी १ मार्च १९७४ पासून सरकारजमा होऊन कुळांना अर्जाद्वारे मालकी मागता आली. मोडीतील कागद जाणकाराकडूनच वाचून घ्यावेत. घराण्याच्या तोंडी कथांवर (त्या रंजक असल्या तरी) विसंबू नये.