एकाच फिगरमध्ये अनेक पॅनेल: पायथनमध्ये सोयीचा इंटरफेस बांधताना

सबप्लॉट्स(२, ३, फिगसाइझ=(९, ४)). मॅटप्लॉटलिब ही पायथनची आलेख काढणारी लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ कधी ना कधी लिहिलेली असते. आता ती नीट वाचा. २ म्हणजे पॅनेलच्या (फिगर या आख्ख्या चित्रातल्या एकेका आलेखाच्या) दोन ओळी आणि ३ म्हणजे तीन स्तंभ, म्हणजे आधी उभं मोजमाप आणि मग आडवं. पण पुढच्या कंसात ९ इंच ही रुंदी आणि ४ इंच ही उंची, म्हणजे आधी आडवं आणि मग उभं. एका ओळीत दोन उलटे क्रम, आणि चुकलं तरी एरर येत नाही. आलेख फक्त चेपलेला दिसतो.

प्रयोगशाळेत किंवा डेटा टीममध्ये नव्याने आलेल्याकडे हमखास येणारं एक काम म्हणजे ‘आपल्या सगळ्यांना वापरता येईल असं प्लॉटिंगचं एक मॉड्यूल लिहून टाक’. एक आलेख काढणारं फंक्शन तासाभरात होतं. घोळ सुरू होतो तो पॅनेल एकाचे सहा झाले की. त्यामुळे पहिला नियम इथेच सांगून टाकतो: तुमच्या फंक्शनमध्ये ओळी, स्तंभ, रुंदी, उंची हे सगळं नाव लिहूनच द्यायला लावा. सिग्नेचरमध्ये, म्हणजे फंक्शनच्या आर्ग्युमेंट्सच्या यादीत, एक तारांकित चिन्ह (*) टाकलं की त्यापुढची आर्ग्युमेंट्स नावाशिवाय देताच येत नाहीत. शिवाय पुढे क्रम बदलावासा वाटला, तर कोणाचा जुना कोड मोडत नाही.

हे उलटसुलट क्रम आले कुठून? जॉन हंटर यांनी २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब बाहेर आणलं तेव्हा मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची सवय असलेल्यांना ते ओळखीचं वाटावं हा हेतू होता. म्हणूनच सबप्लॉट(२, २, १) मध्ये पॅनेलची मोजणी १ पासून होते, आणि पायथनच्या बाकी सगळ्या याद्या ० पासून. २०१० च्या १.० आवृत्तीत सबप्लॉट्स आलं. ते फिगर आणि सगळे ॲक्सेस, म्हणजे एकेका पॅनेलचे ऑब्जेक्ट, एकदम हातात देतं, त्यामुळे ‘सध्याचा पॅनेल कोणता’ हे लक्षात ठेवत बसावं लागत नाही. मोठीच सोय झाली. पण त्यातही एक खोच राहिली, ती म्हणजे स्क्वीझ.

स्क्वीझ मूळातच चालू असतो. दोन ओळी आणि तीन स्तंभ मागितले तर द्विमितीय ॲरे मिळतो, एक ओळ आणि तीन स्तंभ मागितले तर एकमितीय, आणि एकच पॅनेल मागितला तर ॲरे नाहीच, नुसता ॲक्सेस ऑब्जेक्ट. नोटबुकमध्ये हाताने टाइप करताना हे बरं वाटतं. मॉड्यूलमध्ये मात्र पॅनेलची संख्या डेटावरून ठरते. सहा हवामान केंद्रांवर चाचणी केलेला कोड एकाच केंद्राची फाइल आली की कोसळतो, कारण मिळालेल्या ॲक्सेसना ‘अक्ष’ नाव देऊन अक्ष[०, ०] लिहायला तिथे ॲरेच नसतो. तुमच्या कोडमध्ये स्क्वीझ=फॉल्स ठेवा, म्हणजे एका पॅनेललाही द्विमितीय ॲरेच मिळेल. आणि तुमचं फंक्शन जे परत करतं त्याचा प्रकारही इनपुटप्रमाणे बदलू देऊ नका. वापरणाऱ्याला दर वेळी ‘हे काय मिळालं’ म्हणून टाइप तपासावा लागला, तर सोय कसली?

त्याहून बरं म्हणजे पॅनेलला क्रमांकाऐवजी नाव देणं. २०२० मध्ये ३.३ आवृत्तीत आलेलं सबप्लॉट_मोझेक हेच करतं. मांडणी अक्षरांनी ‘काढून’ द्यायची आणि बदल्यात डिक्शनरी मिळते. तापमान, पाऊस, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा असे चार पॅनेल हवे असतील, तर मांडणी अशी:

तततव
पपपव
आआआ.

टिंब म्हणजे रिकामी जागा. मग अक्ष['प'] म्हटलं की पावसाचा पॅनेल. उद्या मधे एक पॅनेल घुसवला तरी कुठलाही क्रमांक सरकत नाही. प्रत्येक अक्षराचा प्रदेश आयताकृतीच हवा आणि सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर व्हॅल्यूएरर येतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक गंमत आहे. मोझेकची स्ट्रिंग एकेक युनिकोड वर्ण सुटा करून वाचते, आणि ‘ता’ हे आपल्याला एक अक्षर वाटलं तरी पायथनला ते दोन आहेत: त आणि काना. ‘तापा’ असं लिहिलं तर दोन नव्हे, चार स्तंभ होतात. काना दोन ठिकाणी आणि मधे प, म्हणून ‘हा प्रदेश सलग नाही’ अशी एरर येते. एररमध्ये नुसता लोंबता काना दिसतो आणि माणूस चक्रावतो. स्ट्रिंगमध्ये बिनमात्रेची अक्षरं ठेवा. पूर्ण नावं हवी असतील तर स्ट्रिंगऐवजी याद्यांची यादी द्या. तिथे ‘तापमान’ हे आख्खं नाव चालतं.

वरच्या मांडणीतल्या वाऱ्याच्या पॅनेलला ध्रुवीय अक्ष लागतात. सगळ्या पॅनेलांना एकच सेटिंग देणाऱ्या सबप्लॉट_केडब्ल्यूमध्ये पोलर (ध्रुवीय) दिलं तर चारही पॅनेल गोल होतील. फक्त ‘व’साठी द्यायचं तर पर_सबप्लॉट_केडब्ल्यू वापरायचं, ते ३.७ पासून आहे. त्यातही शून्य अंश पूर्वेला असतो आणि कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो. वाऱ्यासाठी शून्य उत्तरेला आणून दिशा −१ करावी लागते, आणि कोन रेडियनमध्ये द्यावे लागतात. या चार ओळी वापरणाऱ्याने दर वेळी लिहाव्यात का? नाही. इंटरफेसची खरी सोय अशा जागी असते.

आता मुख्य मुद्दा. अशा मॉड्यूलमध्ये तीन वेगळी कामं असतात: जागा वाटणं, एका जागेत चित्र काढणं, आणि डेटाचा कुठला तुकडा कुठल्या जागेत जाईल हे ठरवणं. नवशिक्याचं पहिलं फंक्शन ही तिन्ही एकत्र कालवतं. आत सबप्लॉट्स, मग लूप, त्यातच रंग आणि लेबलं, शेवटी प्लॉट.शो. ते तुमच्या एका अहवालापुरतं चालतं. दुसऱ्याला त्यातला फक्त पावसाचा पॅनेल स्वतःच्या फिगरमध्ये हवा असला की काही करता येत नाही.

म्हणून चित्र काढणारं प्रत्येक फंक्शन पाऊस_काढा(अक्ष, डेटा) अशा धाटणीचं ठेवा. ते फिगर बनवत नाही, शीर्षक लादत नाही, आरसीपॅराम्सला (मॅटप्लॉटलिबच्या सगळीकडे लागू होणाऱ्या सेटिंग्जना) हात लावत नाही, सेव्ह करत नाही, आणि काढलेल्या रेषा किंवा पट्ट्या (बार) परत देतं, म्हणजे पुढे कोणाला लेजेंड किंवा कलरबार जोडता येईल. जागा वाटणारं फंक्शन वेगळं. त्याला फिगर बाहेरून देता यावी. न दिल्यास ते स्वतः बनवेल. हे एवढं केलं की एक मोठी गोष्ट आपोआप साधते: ३.४ आवृत्तीपासूनची सबफिगर, म्हणजे फिगरच्या आतली छोटी फिगर, तीही सबप्लॉट्स आणि सबप्लॉट_मोझेक समजते, त्यामुळे तुमची आख्खी मांडणी दुसऱ्या मोठ्या मांडणीच्या एका कप्प्यात बसवता येते.

प्लॉट.शो लायब्ररीच्या आत कधीही नको. स्क्रिप्टमध्ये ते खिडकी बंद होईपर्यंत अडकून राहतं, आणि त्यानंतर कोणी प्लॉट.सेव्हफिग केलं तर कोरी फाइल मिळते, कारण तोवर ‘सध्याची’ फिगर दुसरीच झालेली असते. रात्री शेकडो आलेख काढणारं काम असेल तर पायप्लॉट (मॅटप्लॉटलिबचा ‘प्लॉट.’ने हाक मारायचा भाग) टाळून फिगर क्लास थेट वापरा. पायप्लॉट प्रत्येक फिगर स्वतःच्या यादीत धरून ठेवतं. २० च्या वर गेली की इशारा देतं आणि मेमरी फुगत राहते.

आकाराबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तक्रारी इथूनच जास्त येतात. मॅटप्लॉटलिब आख्ख्या फिगरचा आकार विचारतं, पण माणसाच्या डोक्यात असतो तो एका पॅनेलचा आकार. मॅटप्लॉटलिबवरच बांधलेल्या सीबॉर्न लायब्ररीने हे ओळखलं: तिथे हाइट आणि ॲस्पेक्ट एका पॅनेलपुरते असतात. तुमच्याही फंक्शनने पॅनेलचाच आकार घ्यावा आणि बेरीज स्वतः करावी. शिवाय मॅटप्लॉटलिबचे मूळ समास इंचांत नसून फिगरच्या आकाराच्या प्रमाणात असतात. वरची कड ०.८८ वर, म्हणजे उंचीच्या १२ टक्के जागा वर मोकळी. ४.८ इंचांच्या फिगरमध्ये ते अर्ध्या इंचाच्या आसपास, म्हणून खपून जातं. बारा ओळींसाठी फिगर २४ इंच उंच केली, की वर २.८८ इंच ओसाड पडतात. नवा माणूस मग सबप्लॉट्स_ॲडजस्टचे आकडे चाचपडत बसतो.

यावर लेआउट='कन्स्ट्रेन्ड' हा आजचा बरा उपाय आहे. तो लेबलांची खरी लांबी मोजून जागा वाटतो आणि कलरबारलाही समजून घेतो. टाइट_लेआउट हाक मारली त्या क्षणी एकदाच हिशेब करतं; नंतर लेबल वाढवलं की परत हाक मारा. कन्स्ट्रेन्डसोबत सबप्लॉट्स_ॲडजस्ट मात्र चालत नाही. इशारा देऊन ते दुर्लक्षिलं जातं. दोन्ही पर्याय एकाच फंक्शनमधून देऊ नका.

छापायचं असेल तर उलट बाजूने हिशेब करा. नेचर नियतकालिकात दोन रकान्यांची रुंदी १८३ मिलिमीटर, म्हणजे ७.२ इंच. डावा समास ०.६, उजवा ०.१, मधल्या दोन फटी प्रत्येकी ०.३, उरले ५.९. तीन पॅनेलांत वाटले तर प्रत्येकाला जेमतेम दोन इंच. बारा इंचांची फिगर काढून ती नंतर ७.२ वर आक्रसली, तर १० पॉइंटचा मजकूर ६ पॉइंट होतो. सेव्ह करताना बीबॉक्स_इंचेस='टाइट' दिलं की कडा कापल्या जाऊन ठरवलेली रुंदीच बदलते. तो पर्याय तुमच्या सेव्ह फंक्शनमध्ये गुपचूप चालू ठेवू नका.

अक्ष सामायिक करणं ही सोयही जपून द्यावी. शेअरएक्स=ट्रू केलं की आतल्या पॅनेलांवरचे आकडे लपतात, फक्त तळाच्या ओळीत राहतात. आता सात केंद्रं आणि तीन स्तंभ घ्या. नऊ जागांपैकी शेवटच्या दोन तुम्ही रिमूव्ह करता. मग पाचव्या आणि सहाव्या पॅनेलखाली कुणीच नाही, पण त्यांचे आकडे तर आधीच लपलेले. दोन पॅनेल बिनआकड्यांचे राहतात आणि बऱ्याचदा ते अहवाल छापल्यावरच लक्षात येतं. स्तंभातला शेवटचा जिवंत पॅनेल शोधून त्यावर टिक_पॅराम्स(लेबलबॉटम=ट्रू) करणं हे तुमच्या फंक्शनचं काम. तसंच, एका पॅनेलचे आकडे घालवायला सेट_एक्सटिक्स([]) वापरलं तर सामायिक अक्षाच्या सगळ्याच पॅनेलांचे जातात. तिथेही टिक_पॅराम्सच वापरावं.

मोझेकमध्ये शेअरएक्स फक्त हो किंवा नाही असतं. आपल्या उदाहरणात ‘हो’ म्हटलं तर वाऱ्याचा कोनसुद्धा तारखांना जोडला जाईल! म्हणून नाही ठेवा, आणि अक्ष['प'].शेअरएक्स(अक्ष['त']) असं एकेक जोडा, तेही डेटा काढण्याआधी. आकडे मग आपोआप लपत नाहीत. ‘त’ आणि ‘प’वर लेबल_आउटर चालवा, ते आतल्या बाजूचे आकडे लपवतं.

तिसरं काम, म्हणजे डेटाची वाटणी, दिसायला सोपं आणि सर्वात धोक्याचं, कारण इथल्या चुका सुबक दिसतात. प्रत्येक पॅनेल स्वतःपुरते रंग ठरवू लागला, तर एकाच निळ्या रंगाचा अर्थ दोन पॅनेलांत वेगळा होतो. आकड्यांचा तक्ता रंगांत दाखवणाऱ्या इमशोमध्ये तर प्रत्येक पॅनेल स्वतःच्या किमान-कमाल मूल्यांवर रंग ताणतो आणि शेजारचा एकमेव कलरबार खोटं बोलतो. वाटणी करण्याआधीच संपूर्ण डेटावरून एक नॉर्मलाइझ ऑब्जेक्ट (कुठल्या मूल्याला कुठला रंग हे ठरवणारा) बनवा आणि तोच सगळीकडे द्या. हिस्टोग्रामच्या कप्प्यांचंही तेच. पॅनेलांचा क्रम वापरणाऱ्याला यादीने देता यावा. एखाद्या केंद्राचा डेटा या महिन्यात नसला, तर तिथे ‘नोंद नाही’ लिहिलेली रिकामी जागा राहावी, बाकीचे पॅनेल सरकू नयेत. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीचं ग्रुपबाय ज्या नोंदींत केंद्राचं नावच नाही त्या मुकाट्याने गाळतं. ड्रॉपएनए=फॉल्स द्या, किंवा किमान किती नोंदी गळल्या ते सांगा.

लेबलं मराठीत द्यायची असतील तर मूळचा डेजाव्हू सॅन्स फाँट कामाचा नाही. ‘ग्लिफ २३५० सापडत नाही’ असा इशारा आला की समजा, तो ‘म’ शोधतोय. देवनागरी फाँट बसवला तरी ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत मॅटप्लॉटलिब अक्षरजुळणी स्वतः करत नाही. जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. एमपीएलकैरो हा बॅकएंड (प्रत्यक्ष चित्र रेखाटणारा भाग) राक्म ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरून ते नीट करतो. म्हणून फाँट आणि बॅकएंड निवडायची जागा तुमच्या इंटरफेसमध्ये बंद करून टाकू नका.

सगळ्यात मोठा मोह असतो तो मॅटप्लॉटलिबच्या प्रत्येक पद्धतीला स्वतःचं नाव देणारा क्लास लिहिण्याचा. लिहू नका. चाळीस पद्धती गुंडाळल्या तरी एकेचाळिसावी कोणाला तरी लागतेच, आणि मग तो तुमच्या खाजगी व्हेरिएबलमध्ये हात घालतो. फिगर आणि नावांची डिक्शनरी उघडपणे परत द्या. लेबल लिहायला सेट_एक्सलेबल सगळ्यांना येतं.

चाचण्या लिहिताना चित्रांची पिक्सेलनिहाय तुलना करायचा हट्ट नको; फाँटची आवृत्ती बदलली तरी ती पडते. किती ॲक्सेस आहेत, नावं बरोबर आहेत का, तळाच्या पॅनेलांवर आकडे दिसतात का, एवढं तपासा. जागा तपासायची असेल तर आधी ड्रॉ_विदाउट_रेंडरिंग करा, कारण कन्स्ट्रेन्डचा हिशेब रेखाटनाच्या वेळीच होतो. त्याआधी मिळणारी स्थिती जुनी असते. आणि पॅनेलसंख्या ०, १, २, ७ अशी घेऊन प्रत्येक चाचणी चालवा. शून्याला काय करायचं ते आधी ठरवा. सबप्लॉट्सला शून्य ओळी दिल्या तर आतून व्हॅल्यूएरर येतो, आणि त्यात तुमच्या फिल्टरमध्ये एकही केंद्र उरलं नाही हे कुठेच लिहिलेलं नसतं.