ट्रॅक सोडायच्या आधी कागद

विक्रोळीतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत रॅप करणाऱ्या पोरांचं रेकॉर्डिंग संपलं की मी त्यांना लगेच अपलोड करू देत नाही. कन्नमवार नगरातल्या एका पोराने आजीच्या गिरणीवर जबरदस्त ओळी लिहिल्या होत्या, हूक, म्हणजे परत परत येणारी ओळ, मित्राने गायला. गाणं चाललं, पण शब्द कुणाचे हे सांगणारा एकही कागद नव्हता. हे मला अजून सलतं.

'गली बॉय' फेब्रुवारी 2019 मध्ये आला आणि रॅपकडे पैसा वळला. बाजार तापला की करार घाईत पुढे सरकवले जातात. तो थंडही होतो. अमेरिकेत 2017 मध्ये आर अँड बी-हिपहॉप हा सगळ्यांत जास्त ऐकला जाणारा प्रकार ठरला. ऑक्टोबर 2025 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 या तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीच्या पहिल्या चाळिसात एकही रॅप गाणं नव्हतं, 1990 नंतर पहिल्यांदाच. लाट ओसरल्यावर हक्काचा कागदच कामी येतो.

म्हणून रेकॉर्डिंगच्या त्याच रात्री स्प्लिट शीट, म्हणजे कुणाचा किती वाटा हे सांगणारा कागद, भरा. शब्द, संगीत आणि मास्टर म्हणजे रेकॉर्डिंग, हे तीन वेगळे हक्क आहेत. कुणाचा किती टक्के ते लिहा, खरं नाव आणि स्टेजचं नाव दोन्ही घाला, सह्या घ्या.

यूट्यूबवरचा 'फ्री' बीट, म्हणजे रॅपखालचं तयार संगीत, बहुतेकदा कमाईसाठी फ्री नसतो. लीज, म्हणजे पैसे देऊन वापराची परवानगी, घेतली तरी गाणं किती वेळा ऐकलं जाऊ शकतं ती स्ट्रीम्सची मर्यादा वाचा; तोच बीट आणखी दहा जणांना विकलेला असू शकतो. शक्य असेल तर ओळखीच्या प्रोड्यूसरकडून बनवून घ्या.

गीतकार म्हणून आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लेबलला, म्हणजे संगीत कंपनीला, लिहून देता येत नाही. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गाणं अ‍ॅप्सवर पोचवणारी कंपनी, देईल तो बारा अक्षरी आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, वहीत टिपून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्यूटर बदलला तरी तोच कोड वापरा.

लेबलचा करार आला तर सगळ्यांत आधी मुदत बघा. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. पण 'कायमस्वरूपी' हा शब्द असेल तर तो खोडायला सांगा. रेकॉर्डिंगचा कॉपीराइट 60 वर्षं चालतो. अ‍ॅडव्हान्स म्हणजे ऊसतोडीतली उचल, ती तुमच्याच कमाईतून फिटते. कुठले खर्च त्यात धरणार, तेही विचारा. आणि दर सहा महिन्यांनी हिशेब मिळेल, तो तपासता येईल, असं वाक्य करारात नसेल तर सही करू नका.