पीक फ्लो आणि फेनो: फुंकून दम्याचं औषध कसं ठरवायचं

"डॉक्टर, आता बरं वाटतंय, पंप बंद करू ना?" दम्याच्या पेशंटकडून हा प्रश्न मला जवळपास रोज येतो. माझं म्हणणं एवढंच, की नुसत्या बरं वाटण्यावर पंप कमी-जास्त करू नका. छातीतली शिट्टी थांबली तरी श्वासनळीच्या आतली सूज राहू शकते आणि ती स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही, म्हणून फुंकायच्या टेस्ट.

पहिली पीक फ्लो मीटरची, ही घरी करायची. साधी प्लॅस्टिकची नळी असते, त्यावर काटा, मेडिकलवाल्याकडे मागवली तर मिळते. काटा खाली शून्यावर आणा, उभं राहा, छाती भरून श्वास घ्या, ओठ घट्ट लावा आणि एकदम जोरात फुंका. चुलीपाशी फुंकणी धरून लांबलचक फुंकतो तसं नाही, फटकन, सगळा जोर सुरुवातीलाच. असं तीनदा करायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, सरासरी काढायची नाही. सकाळी आणि संध्याकाळी, रोजचा पंप घ्यायच्या आधी.

तब्येत चांगली असताना दोन आठवडे हे केलं की तुमचा स्वतःचा बेस्ट आकडा कळतो. समजा तो ४०० आला, तर ३२० च्या वर म्हणजे ठीक, २०० ते ३२० च्या मध्ये म्हणजे दमा डोकं वर काढतोय, डॉक्टरांना फोन करा, आणि २०० च्या खाली गेला तर लिहून दिलेला आरामाचा पंप (त्रास झाल्यावर लगेच घ्यायचा) स्पेसरने, म्हणजे पंपाला लावायच्या पोकळ नळकांड्याने, घेत घेत सरळ हॉस्पिटल गाठा. आणि हो, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळे पडत असतील तर मीटर शोधत बसू नका, निघाच. पाच वर्षांखालच्या मुलांना हे नीट फुंकता येत नाही, त्यांच्या बाबतीत आकड्यावर जाऊ नका.

दुसरी टेस्ट फेनो. पीक फ्लो सांगतो नळी किती आवळलीय, फेनो सांगतो आत ॲलर्जीच्या प्रकारची सूज किती आहे. सुजलेल्या नळीतून नायट्रिक ऑक्साइड जास्त बाहेर पडतो, मशीन तोच मोजतं. मशीन महाग असल्यामुळे आपल्याकडे छोट्या दवाखान्यात सहसा नसतं, शहरात छातीच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. ब्रिटनमध्ये मात्र नोव्हेंबर २०२४ च्या गाइडलाइनमध्ये दम्याच्या निदानासाठी ही टेस्ट सुरुवातीलाच करायला सांगितलीय.

इथे जोर लावायचा नसतो, एकाच संथ गतीने साधारण १० सेकंद फुंकायचं, लहान मुलांनी ६. आधी तासभर काही खाऊ-पिऊ नका, सिगरेट नको. त्यातही पालक, बीट खाल्लं तर आकडा वाढतो. सिगरेटने उलट कमी येतो, सर्दी-शिंका चालू असतील तर जास्त येऊ शकतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा. मोठ्या माणसांत २५ च्या खाली कमी, ५० च्या वर जास्त, मुलांत २० आणि ३५.

आता खरा मुद्दा. आकडा जास्त आला की लगेच डोस वाढवायचा का? नाही! आधी पाहायचं की पंप रोज घेतला जातोय का आणि औषध छातीत पोचतंय का. माझ्याकडच्या एक काकू कॅप्सूलवाला पंप महिनोन्महिने ओढायच्या ऐवजी त्यातच फुंकत होत्या, पावडर ओली होऊन आतच चिकटायची, अशा वेळी डोस डबल करून काय उपयोग? कॅप्सूलवाला जोरात आणि खोल ओढायचा, स्प्रेवाला हलवून, स्पेसर लावून सावकाश, दोन्हीनंतर १० सेकंद श्वास धरायचा आणि चूळ भरायची. घरात धूळ, उदबत्तीचा धूर आहे का तेही बघायचं. हे सगळं नीट असून आकडा जास्त आणि त्रासही असेल तर औषध वाढवायचं.

आकडा कमी पण खोकला-धाप चालूच असेल तर पंपातलं स्टेरॉइड वाढवून फार फरक पडायचा नाही, ॲसिडिटी, वजन, हृदय, दुसरं काही आहे का शोधायला हवं. पण रोज पंप घेऊन आकडा कमी आला तर तो पंपामुळेच आलेला असू शकतो, म्हणून पंप सोडायचा नाही. निदान तीन महिने रात्रीची जाग नाही, पीक फ्लो स्थिर, तेव्हा डॉक्टरांशी बोलून डोस थोडा उतरवायचा, सोय असेल तर उतरवण्याआधी आणि काही आठवड्यांनी परत फेनो, आणि घरी वही चालूच. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना ती वही आणा आणि पंपही आणा, माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा.