पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत लिहिताना

जळगाव किंवा धुळ्याला लागलेला मराठी चित्रपट बहुधा आठवडाभर टिकतो आणि तेवढ्यातही त्याच्या वाट्याला दुपारचा एखादा अडनिडा खेळ येतो. चोपडा, साक्री किंवा शहाद्याच्या माणसाला तो पाहायचा असेल, तर गाडीभाडे, तिकीट आणि बुडालेला अर्धा दिवस यांचा हिशेब करूनच त्याला घराबाहेर पडावे लागते. असा माणूस फोन करून विचारतो, तेव्हा आपण अहिराणीत ‘भारी शे’ (भारी आहे) किंवा ‘टाइमपास शे’ एवढे सांगून मोकळे होतो आणि त्याचा निर्णय होता तिथेच राहतो. हा चित्रपट आपल्याला रुचेल की नाही, हे त्याचे त्याला ठरवता यावे, एवढा ऐवज मतात असायला हवा.

त्यासाठी पहिले काम चित्रपट पाहिल्याच्या रात्रीच उरकावे. पडद्यावर जे दिसले आणि ऐकू आले तेवढेच कागदावर उतरवावे: कोणता प्रसंग, कोणते वाक्य, थिएटर कुठे हसले आणि कुठे चुळबुळ सुरू झाली. ‘दमदार अभिनय’, ‘काळजाला भिडणारी कथा’ असे शब्द या कागदावर येऊ देऊ नयेत, कारण ते कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येतात. दुसऱ्या दिवशी त्या नोंदींतल्या दोनच निवडून मत त्यांच्याभोवती उभे करावे. सगळेच सांगायला गेले की कथासार होते, आणि कथासार तर जाहिरातीतही मिळते.

७ मार्च २०२५ रोजी प्रदर्शित झालेला, जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ उदाहरणादाखल घेऊ. ‘स्त्रियांच्या स्थितीवर प्रखर भाष्य करणारा चित्रपट’ हे वाक्य नुसते पोस्टर पाहूनही लिहिता येईल. त्याऐवजी असे लिहावे की, सुरुवातीलाच बायकामुली ऐटीत बसून एका मुलाला पाहतात, त्याची विचारपूस करतात, आणि ते नायिकेचे स्वप्न होते हे कळल्यावर खऱ्या बघण्याचे कार्यक्रम सुरू होतात; तेच नाव, तेच शिक्षण, तीच उंची पुन्हा पुन्हा विचारली जाते; पहिल्या वेळी हसणारा प्रेक्षक पुढे पुढे गप्प होत जातो. एवढे वाचल्यावर ज्याला अशा पुनरावृत्तीचा कंटाळा आहे तो जाणार नाही आणि ज्याला तिच्यातली धार जाणवेल तो पहिली बस धरेल. दोघांचेही काम झाले.

याच चित्रपटात मुलीचे वडील कापूस पिकवणारे शेतकरी आहेत आणि लग्नाचा प्रश्न पिकाच्या पैशाशी बांधलेला आहे. कथा विदर्भातली असली, तरी इथे खान्देशातल्या प्रेक्षकाजवळ असे काही आहे, जे पुण्या-मुंबईच्या समीक्षकाजवळ सहसा नसते. भाव वाढेल म्हणून राहत्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवलेला कापूस, त्यामुळे घरातल्या पोरांच्या अंगाला सुटलेली खाज आणि रोज कोणीतरी सांगत आलेला नवा भाव, हे ज्याने पाहिले आहे त्याने ते मतात जरूर आणावे. मात्र अशा माहितीचा उपयोग केवळ चुका काढण्यासाठी करण्याची खोड आपल्याकडे फार आहे. केळीची बाग मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आहे की कांदेबाग (पावसाळा संपताना लावलेली), हे चुकले म्हणून चित्रपट पडत नाही. पण त्या बागेच्या मालकाला कर्जाची चिंता आहे असे कथा सांगत असेल आणि तो सबंध चित्रपटात एकदाही पाण्याची पाळी सांभाळताना दिसत नसेल, तर ती चूक कथेच्या मुळाशी आहे आणि ती लिहायलाच हवी.

आपल्या भागाविषयीच्या प्रेमाची नोंद आधी करून मगच निकाल द्यावा. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असले, तरी धुळेकरांना ते महामार्गावरचे शेजारचेच गाव. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या साधनांत चित्रपट बनवले, ही खरी हकीकत असून तिच्यावर फैजा अहमद खान यांचा माहितीपटही आहे. अशा वेळी खऱ्या माणसांविषयीचे कौतुक आणि त्यांच्यावर बेतलेल्या चित्रपटाविषयीचे मत, या दोन गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवाव्यात. एकत्र केल्या की चित्रपटाचे दोष माणसांच्या पुण्याईत झाकले जातात. याउलट, सुजय डहाके यांच्या २०२३ मधल्या कृष्णधवल ‘श्यामची आई’मध्ये अमळनेर किती दिसते, यावर त्याची किंमत करू नये. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते हा आपला अभिमान आहे; श्यामच्या बालपणाची गोष्ट कोकणातली आहे.

मालिकांचे माप वेगळे. ‘पंचायत’ या हिंदी मालिकेचा पहिला हंगाम २०२० मध्ये आणि चौथा जून २०२५ मध्ये आला. एवढ्या काळात पात्रे बदलतात, लेखनाचा सूर बदलतो आणि पाहणारेही बदलतात. म्हणून मत कोणत्या हंगामाविषयी आहे, ते पहिल्याच ओळीत सांगावे. माझ्या मते या मालिकेची खरी ताकद ग्रामपंचायतीच्या कार्यालयातल्या क्षुल्लक कामांत होती आणि गावातले राजकारण जसजसे वरचढ झाले, तसतशी ती उणावत गेली. हे मत पटो न पटो, त्याला धरून वाद घालता येतो. चौथ्या हंगामातल्या निवडणुकीचा निकाल मात्र मतात फोडू नये. निवडणूक आहे एवढे पुरे.

‘संथ आहे’ हा आरोप करण्यापूर्वी आपण कसे पाहिले, ते तपासावे. मोबाइलवर वेग वाढवून, मधूनमधून निरोप वाचत, लोडशेडिंगमुळे तीन तुकड्यांत पाहिलेल्या मालिकेला संथ म्हणण्याचा अधिकार फारसा उरत नाही. तो भाग पुन्हा अखंड पाहावा, आणि तरीही कंटाळा आला तर कुठे आला ते भागाच्या क्रमांकासह लिहावे. तारे किंवा गुण देणे मी टाळतो. साडेतीन तारे पाहून कोणाला काय कळते, हे मला अजून उमगलेले नाही.

राहिला घराघरांतून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न: सगळ्यांसोबत बसून पाहता येईल का? याला नाक न मुरडता सरळ उत्तर द्यावे. चित्रपटांच्या यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) प्रमाणपत्रात आता ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे पोटविभाग आहेत आणि ऑनलाइन मालिकांवरही अशीच वयोमर्यादा दिलेली असते, ती लिहावी. शिवीगाळ, हिंसा किंवा शय्यादृश्ये यांपैकी काय आहे, तेही एका वाक्यात सांगावे. आजी, सुना आणि नातवंडे एकाच खोलीत टीव्हीसमोर बसतात, अशा घरातल्या माणसाला आपल्या बाकी सगळ्या मतापेक्षा या एका वाक्याची गरज अधिक असू शकते, म्हणून ते शेवटी न ढकलता हंगामाच्या उल्लेखाशेजारीच घालावे.