जुन्या एमएम ५४० जीपमध्ये एमडीआय इंजिन कसे बसवावे

महिंद्राची एमएम ५४० जीप स्वस्तात मिळते तेव्हा बहुतेक वेळा तिचे इंजिन दमलेले असते. गाडीसोबत आलेले २११२ सीसीचे प्युजो एक्सडीपी इंजिन तरुणपणी गोड चालते, पण आज त्याचे सुटे भाग शोधत गावोगाव फिरावे लागते. चॅसिस आणि अ‍ॅक्सल मात्र नीट वापरले असतील तर अजून एक पिढी काढतात. म्हणून इंजिन बदलणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. अट एवढीच की इंजिन त्या चॅसिसला मानवणारे हवे.

आमचे मत स्पष्ट आहे. महिंद्राचेच एमडीआय (डायरेक्ट इंजेक्शनचे डिझेल इंजिन) घ्या. २५२३ सीसी, ८८.९ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १०१.६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), ताकद साठ-बासष्ट अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे कागदावर प्युजोइतकीच, पण ही ताकद खालच्या आरपीएमला मिळते. कमांडर, पिकअप अशा गाड्यांत हे इंजिन चालले, त्यामुळे त्याचा पंप, गॅस्केट, बेअरिंग तालुक्याच्या दुकानातही मिळते आणि दुरुस्त करणारा मिस्त्रीही भेटतो. कंपनीनेही याच घराण्याच्या जीपमध्ये ते बसवले होते. कॉमन रेलचे नवे टर्बो इंजिन टाकण्याचा मोह टाळा. चार गिअरचा बॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि शाफ्टच्या सांध्यांतले जुने क्रॉस तो जोर सोसत नाहीत.

आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओकडे अर्ज करून लेखी परवानगी घ्या. त्याच कंपनीचे, डिझेलवरच चालणारे इंजिन असेल तर बाजू मांडणे सोपे जाते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे संमतिपत्र लागते. बदल झाल्यावर तो १४ दिवसांत कळवायचा असतो.

इंजिन भंगार बाजारातून घेत असाल तर पक्के बिल घ्या आणि त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या. ज्या गाडीचे ते इंजिन आहे तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळाला तर उत्तम. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर इंजिन कितीही चांगले वाजत असले तरी सोडून द्या. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर बाकी आहे का, हेही जीप घेण्यापूर्वीच पाहा.

जीप तपासताना

रंगाकडे पाहू नका, आडवे व्हा आणि खाली शिरा. छोटी हातोडी घेऊन चॅसिस ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला थपथप वाजतो. कोकणातल्या गाडीत पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, मागचा क्रॉस मेंबर आणि बॅटरीखालची पट्टी आधी जाते. तिथे नुसते पॅच मारलेले असतील तर किंमत त्या हिशेबाने पाडा.

पुढचा आणि मागचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) एकच आहे का, हे मोजायलाच हवे. जुन्या जीपमध्ये कुणीतरी कधीतरी एखादा अ‍ॅक्सल बदललेला असतो. उरलेल्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. मागचे एकच चाक जॅकवर उचला, चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअर बॉक्सकडून चाकांकडे फिरणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची खूण करा. चाक २० वेळा पूर्ण फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक जमिनीवर असल्याने उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे अ‍ॅक्सलचा एक. शाफ्ट ४९ च्या आसपास फिरला तर रेशो ४.८८, ५४ च्या आसपास फिरला तर ५.३८. पुढच्या बाजूलाही असेच करा, फोर बाय फोरचा लिव्हर टू व्हीलमध्ये ठेवून आणि लॉकिंग हब असतील तर लॉक करून. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) स्वतःशीच भांडते आणि दात तुटतात.

हाच आकडा पुढे गाडीचा वेग ठरवतो, आणि बहुतेक जण तो विसरतात. प्युजो इंजिन ४५०० आरपीएमपर्यंत पळते, एमडीआय ३२०० ला थांबते. चाकाचा घेर २.२ मीटर धरला आणि चौथा गिअर सरळ असेल, तर ४.८८ रेशोला ३२०० आरपीएमवर ताशी साधारण ८७ किमी मिळतात, ५.३८ ला ७८. त्यामुळे ५.३८ ची जीप हायवेवर ६५ लाच ओरडायला लागते. जंगलात, शेतात, घाटात वापर असेल तर तेच बरे. हायवेला जाणार असाल तर इंजिनासोबत पाच गिअरचा महिंद्रा बॉक्स घ्या. तो लांबीने वेगळा असल्याने प्रोपेलर शाफ्ट कापावे लागतील, हे आधीच गृहीत धरा.

इंजिन निवडताना

इंजिन हाताला थंड लागत असेल तेव्हाच सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन काहीतरी लपवत असते. सुरू झाल्यावर ऑईल भरायचे झाकण काढा आणि त्याच भोकावर उलटे ठेवा. थोडे थरथरले तर चालेल, उडून पडले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग आणि लायनरचे काम आहे. रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला तडा आहे. कॉम्प्रेशन मोजता आले तर चार सिलिंडरमध्ये फार फरक नको. एकच सिलिंडर मागे पडत असेल तर ते इंजिन खोलावेच लागणार.

नुसते इंजिन घेऊ नका. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअर बॉक्स यांमधले कवच), फ्लायव्हील, क्लच, सेल्फ, अल्टरनेटर, फाउंडेशनचे (इंजिन चॅसिसला धरणारे) ब्रॅकेट, पंखा, एअर क्लीनर आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप एकाच गाडीचे घ्या. हे सुटे सुटे जमवायला निघालात तर इंजिनाच्या किमतीइतकाच खर्च पुन्हा होतो.

इंजिन बाहेर असतानाच मागचे ऑईल सील, वेल्श प्लग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सगळी रबर होज नवी घाला. नोझल आणि डिझेल पंप कॅलिब्रेशनला द्या. मागचे सील हजार रुपयांच्या आतले असते, पण ते नंतर गळले तर गिअर बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

जुने इंजिन काढणे

बॅटरी सोडा, पाणी आणि ऑईल काढा. पुढची जाळी रेडिएटरसकट सुटते, ती काढली की समोर मोकळी जागा होते. इंजिन आणि गिअर बॉक्स एकत्रच काढा. एक टनाची चेन पुली आणि भक्कम तिपाई पुरते. पण काही सोडण्याआधी तीन मापे वहीत उतरवा: बेल हाउसिंगपासून फायरवॉलचे अंतर, क्रँक पुलीची अ‍ॅक्सलपासून उंची आणि गिअर बॉक्सचा मागे झुकाव. झुकावासाठी मोबाइलमधला कोनमापक पुरतो.

बसवणे: इथे घाई करू नका

एमडीआय ओतीव लोखंडाचे जड इंजिन आहे. पुढच्या पाट्यांत एक पाटा वाढवा, नाहीतर नाक खाली जाते आणि सम्प (इंजिनाखालचा ऑईलचा डबा) अ‍ॅक्सलवर आपटतो. या जीपचा पुढचा डिफरन्शियल उजवीकडे, चालकाच्या बाजूला असतो. सम्पचा खोल भाग नेमका तिथे आला तर तो खड्ड्यात फुटतो. गाडी समतल जागेवर उभी करा, पुढचा अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपला (वरची हालचाल अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत उचला आणि सम्पखाली किमान २५ मिमी मोकळीक राहते का पाहा. कमी पडली तर इंजिन उचला किंवा सम्प बदला. बंप स्टॉप वाढवून वेळ मारून नेऊ नका.

पंखा आणि रेडिएटर यांत २० ते २५ मिमी अंतर ठेवा, आणि पंख्याभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारे कडे) लावाच. श्राउड नसेल तर घाटात पंखा नुसती हवा ढवळतो. सायलेन्सर स्टिअरिंग कॉलमपासून आणि ब्रेकच्या पाइपपासून दूर गेला पाहिजे.

फाउंडेशनचे ब्रॅकेट ६ मिमी जाडीच्या एमएस प्लेटचे करा. इंजिन पुलीवर लटकत असताना त्यांना फक्त टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा. मग इंजिन बाहेर घेऊन पूर्ण वेल्डिंग करा. चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवे वेल्ड करू नका, तडा तिथूनच सुरू होतो. प्लेट चॅसिसच्या उभ्या बाजूला लावा आणि टोके तिरपी कापा. वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडलेल्या असाव्यात.

गिअर बॉक्स इंजिनला जोडताना क्लच प्लेट मध्यभागी आहे का, ते जुन्या शाफ्टने किंवा लाकडी खुंटीने तपासा. फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग नवे घाला. बॉक्स शेवटपर्यंत हाताने जाऊन बसला पाहिजे. बोल्ट आवळून खेचलात तर क्लच प्लेटचा हब वाकतो आणि गाडी सुटताना झटके देते, मग दोष इंजिनाला दिला जातो.

बॉक्स खाली आहे तोवर ट्रान्सफर केसचा इंटरमीजिएट शाफ्ट आणि त्याची बेअरिंग बदला. जुन्या जीपचा तो ओळखीचा हुंकार बहुतेक वेळा तिथूनच येतो.

प्रोपेलर शाफ्टचे माप चाकांवर वजन असतानाच घ्या. स्प्लाइनमध्ये दोन्ही बाजूंना २५ मिमी सरकायला जागा हवी. कापून जोडलेल्या शाफ्टची दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आहेत का पाहा आणि बॅलन्सिंग करून घ्या.

वायरिंग, पाणी, डिझेल

प्युजोचे हीटर प्लग, त्यांचा रिले आणि वायरी काढून टाका. एमडीआय डायरेक्ट इंजेक्शनचे आहे, त्याला ते लागत नाहीत. इंजिन बंद करणारी स्टॉपची केबल किंवा सोलेनॉइड मात्र नीट चालला पाहिजे. इंजिन आणि चॅसिस यांच्यात जाड अर्थ पट्टी लावा. ती विसरली तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून परत जायचा प्रयत्न करतो, केबल लाल होते आणि अडकते. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप आणि त्याची ऑईलची नळी तपासा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो ऐकू नका. त्याशिवाय इंजिन थंडच चालते, धूर टाकते, डिझेल जास्त पिते आणि लायनर लवकर झिजतो. गाडी तापत असेल तर रेडिएटर, श्राउड आणि पंप तपासा. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे घाला.

टाकी काढून आतून धुवा. पाइप नवा टाका, पाणी वेगळे करणारा फिल्टर जोडा आणि परतीची लाइन विसरू नका. पहिल्यांदा हवा काढताना पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडली तर दोष लगेच दिसतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग एकटे बुडबुडे, शेवटी स्वच्छ सोनेरी धार. तेव्हाच स्क्रू आवळा. मग नोझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा. एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर सेल्फला विश्रांती द्या. नळीत बुडबुडे येतच राहिले तर टाकीच्या बाजूला कुठेतरी हवा ओढली जात आहे. धार उडेल म्हणून हात आणि डोळे सैल केलेल्या नटांसमोर आणू नका.

पहिला स्टार्ट

स्टॉप ओढून ठेवून सेल्फ मारा, ऑईल प्रेशर दिसेपर्यंत. तोवर डिझेल जाऊ देऊ नका. एअर क्लीनरचा पाइप सुटा ठेवा आणि शेजारी इंजिनाचे हवा घेणारे तोंड झाकता येईल एवढी लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा करा. पंप अडकून इंजिन भरधाव सुटले तर चावी काढून काही होत नाही, हवा बंद केली तरच ते थांबते. फळी वापरा, हात नाही.

सुरू झाले की आयडलवर दहा मिनिटे चालू द्या आणि गळती शोधा. पहिल्या १०० किमीनंतर फाउंडेशन, बेल हाउसिंग आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. ५०० किमीपर्यंत एकाच वेगाने लांबचा प्रवास नको, जड ओझेही नको. तिथे ऑईल आणि फिल्टर बदला. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही, हे लावलेल्या गॅस्केटवर अवलंबून असते, त्याच्या सोबतच्या कागदावर पाहा.

आरटीओची तपासणी

निरीक्षक कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून चॅसिस आणि इंजिन नंबरचा ठसा घेतात. त्यामुळे फाउंडेशनचा ब्रॅकेट, फिल्टर किंवा वायरिंग नंबरवर येणार नाही असे बसवा, आणि इंजिनाला रंग देताना ती जागा टेपने झाकून ठेवा. तपासणीला जाण्याआधी डिझेलने पुसून घरीच एक ठसा काढून पाहा. बिलावरच्या नंबराशी एक-एक आकडा ताडून घ्या. ३ आणि ८, १ आणि ७ यांत गल्लत होते. नवी नोंद हातात आली की काउंटर सोडण्याआधीच तोच नंबर पुन्हा वाचा, आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीला बदललेला इंजिन नंबर लेखी कळवा.