हेमकुंड एका दिवसात: घड्याळ उलटं धरून आखायची चढाई

उत्तराखंडमधलं घांगरिया गाव ते तलावाकाठचा हेमकुंड साहिब गुरुद्वारा, अंतर फक्त सहा किलोमीटर. सह्याद्रीत नेहमी भटकणारा माणूस हा आकडा ऐकून हसतो. मीही हसलो होतो. पहिल्या तासात निम्मा जथा मागे टाकला. वरच्या टप्प्यात मात्र एका दगडावर बसून बुटाची नाडी बांधायला पाच मिनिटं लागली. बोटं गारठली होती असं नाही. एक फास झाला की पुढे काय करायचं, तेच सुचेना. पहाटे ज्यांना मागे टाकलं होतं त्या सोलापूरच्या काकू काठी टेकत आल्या, "काय रे बाळा, दमलास?" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी तिथूनच खाली आलो. तलाव पाहिला तो दुसऱ्या खेपेला.

चूक पायांची नव्हती. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि घांगरियात आपण झोपतो तेच जवळपास ३,०५० मीटरवर. हेमकुंडची उंची पाट्यांवर आणि पुस्तकांत वेगवेगळी दिसते, पण ती ४,००० मीटरच्या वर आहे हे नक्की. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण साठ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. तब्येत कितीही ठणठणीत असली तरी विरळ हवा कुणाला सूट देत नाही. उलट दमदार माणूस जोरात चढतो आणि आधी आडवा होतो.

दोन महिने आधी

चढ निदान अकराशे मीटरचा आहे. पुणेकरांना याचं माप सोपं आहे: आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, उतरायचा आणि लगेच पुन्हा चढायचा. पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन हे धाप न लागता जमलं, की पायांची तयारी झाली. मुंबईकरांनी इमारतीचे जिने वापरावेत, फक्त उतरताना लिफ्ट घेऊ नये, कारण गुडघे दुखतात ते उतरताना. बूट नवे असतील तर याच काळात वापरून मऊ करा. विरळ हवेचा सराव मात्र महाराष्ट्रात होत नाही. तो तिथे जाऊनच होतो.

आधी फुलं, मग हेमकुंड

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून निघून पहिला मुक्काम जोशीमठला, साधारण १,९०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने पुलना आणि मग घांगरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटर चाल. तिसऱ्या दिवशी काय करायचं, इथे बहुतेक जण चुकतात. "अवघड ते आधी उरकून टाकू" म्हणत थेट हेमकुंडला निघतात. तसं करू नका. तिसरा दिवस व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला द्या. ती वाट घांगरियाहून थोडीच वर जाते, शरीराला उंचीची ओळख होते आणि झोपायला पुन्हा ३,०५० वरच येता. हेमकुंड चौथ्या दिवशी.

यात्रा साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. जूनमध्ये वाटेवर बर्फ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं असतात आणि वरच्या उतारांवर ब्रह्मकमळंही दिसतात, पण पाऊस आणि दरडीही तेव्हाच. आभाळ स्वच्छ हवं असेल तर सप्टेंबर. कधीही गेलात तरी दोन दिवस कोरे ठेवा. एक दिवस घांगरियात पाऊस थांबायची वाट पाहायला, दुसरा बद्रीनाथ रस्त्यावर दरड कोसळली तर. परतीची गाडी ठरलेली आहे म्हणून लोक नको त्या हवेत चढायला निघतात. यात्रेची नोंदणी उत्तराखंड सरकारच्या पोर्टलवर घरूनच करा आणि रोख पैसे जवळ ठेवा.

वेळेचा हिशोब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा ठोकताळा मांडला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. हेमकुंडला हे लावलं तर सव्वा तास अधिक जवळपास दोन तास, म्हणजे तीन तासांच्या थोडं वर. हा हिशोब कमी उंचीवरचा. विरळ हवेसाठी निदान दीडपट करा, म्हणजे पावणेपाच तास. फोटो, चहा आणि खेचरांना वाट देणं धरून साडेपाच.

आता घड्याळ उलटं धरा. वर मुक्कामाला परवानगी नाही, दुपारी सगळ्यांना खाली धाडतात आणि ढगही बहुधा दुपारीच चढून येतात. म्हणून बाराच्या आत तलाव सोडायचा. तिथे एक तास हवा, म्हणजे अकराला पोहोचायचं आणि त्यासाठी साडेपाचला निघायचं. मी पाचला निघतो, तो अर्धा तास चुकांसाठी. परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर ठरवा: साडेअकरापर्यंत तलाव गाठला नाही, तर जिथे असू तिथून मागे. वर गेल्यावर हा निर्णय घ्यायला डोकं जागेवर असेलच असं नाही. माझ्या नाडीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

चालताना

सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग. वाक्य मध्ये तुटायला लागलं की हळू व्हा. दर तासाला पाच मिनिटं टेका, त्याहून जास्त नको, अंग गार पडतं. शेवटी हजाराच्या वर पायऱ्यांचा एक शॉर्टकट लागतो. चढताना त्याच्या मोहात पडू नका, वळणावळणाची घोडेवाट लांब असली तरी दम राखते.

खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरच्या ओझ्याचा एक धक्का पुरेसा असतो. ओल्या फरसबंदीवर लीद पडलेली असते, तिथे काठीशिवाय भागत नाही. ती गोविंदघाटलाच स्वस्तात मिळते.

सॅकमध्ये गुडघ्याखाली येणारा पोंचू, फ्लीस, कानटोपी, सुके मोजे, विजेरी, दीड-दोन लिटर पाणी आणि ओआरएस. जीन्स घालू नका, सुती टीशर्टही नको. एकदा भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. उंचीवर भूक मरते, तेव्हा खाववेल असंच न्या. माझ्याकडे राजगिऱ्याचे लाडू असतात. चिक्की थंडीत दगड होते.

मागे फिरायच्या खुणा

थोडं डोकं दुखणं नेहमीचं आहे. थांबा, पाणी प्या, बघा. दुखणं वाढलं किंवा मळमळ, चक्कर सोबत आली, तर खाली उतरा. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नसतील, बोलण्यात गोंधळ असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर एक मिनिटही न दवडता खाली, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. खरं औषध म्हणजे उतरणं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही ते घरच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगा. आदल्या रात्री दारू आणि झोपेची गोळी दोन्ही वर्ज्य.

वर, आणि मग खाली

ओले बूट काढून लंगरमध्ये बसलं की गरम खिचडी आणि चहा मिळतो. ताटलीवर हात शेकत पाच मिनिटं काहीच बोलायचं नाही. बाजूलाच लक्ष्मणाचं छोटं मंदिर आहे. शीख यात्रेकरू बर्फगार तलावात डुबकी घेतात. आधीच कुडकुडत असाल तर पाण्याला हात लावून नमस्कार करा.

उतरायला तीन तास धरा. पावलं लहान, गुडघे किंचित वाकवलेले, काठी पुढे. इथेही पायऱ्या सोडून घोडेवाटच बरी. घांगरियात गरम पाण्याची बादली विकत मिळते. पहाटे निघतानाच ती लॉजवाल्याला सांगून ठेवा, दुपारी चारनंतर तिला रांग लागते.