स्वाहिली म्हणी मराठीत आणताना या चुका टाळा

सगळ्यात मजेशीर घोटाळा 'तेम्बो' या शब्दाचा. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावरची एक म्हण आहे: 'म्गेमा आकिसिफिवा, तेम्बो हुलितिया माजी'. शब्दकोशात तेम्बो म्हणजे हत्ती असं सापडतं आणि भाषांतर होतं, 'स्तुती केली की तो हत्तीवर पाणी ओततो'. पण इथे तेम्बो म्हणजे माडी. माडी काढणाऱ्याची वाहवा केली, की तो तिच्यात पाणी घालायला लागतो! कोकणात हे कुणाला समजावून सांगायला नको. शंका आली तर क्रियापद बघा. 'हुलितिया'मधला 'लि' ही कर्माची, म्हणजे इथे माडीची, खूण आहे. हत्तीसारख्या सजीवासाठी तिथे 'म' आला असता. 'वापिगानापो तेम्बो, न्यासी हुउमिया' या म्हणीत मात्र खरेच हत्ती आहेत: ते झुंजतात आणि हाल गवताचे होतात.

'हाराका हाराका हाइना बाराका'मध्ये फसगत उलटी होते, कारण शब्द ओळखीचे वाटतात. दोन्ही अरबीतून आलेले. 'बाराका' म्हणजे आपली बरकतच. 'हाराका' मात्र हरकत नव्हे, घाई. घाईला बरकत नसते, एवढंच. आणि लिहिताना 'हरक' लिहू नका, शेवटचा आ गिळला की म्हणीचा ताल गेला.

जवळची मराठी म्हण चिकटवून मोकळं होणं, ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा'ला लोक 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतात. पण किबाबा हे धान्याचं माप. 'थोडं थोडं करत मापटं भरतं' असं म्हटलं तर काय बिघडलं? पाहुण्याचं तर पाहाच. आपण म्हणतो, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ते म्हणतात, 'म्गेनी सिकु म्बिली, या तातू म्पे जेम्बे': पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला कुदळ द्या. आपण त्याला घालवतो, ते त्याला शेतात नेतात.

सरसकट 'आफ्रिकन म्हण' असंही लिहू नका. किकुयू, गांडा, मसाई या पूर्व आफ्रिकेतल्याच समाजांच्या भाषा वेगळ्या आणि म्हणीही.

एक शेवटचं. तिकडच्या बायकांच्या 'कांगा' या कापडावर एक ओळ छापलेली असते, बरेचदा म्हण, कधी शेजारणीला मारलेला टोमणा. सासूबाईंसाठी घ्यायचा असेल तर आधी ती ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या.